अर्नोकाठची छत्री : मराठी युरोपयात्रेचा एक आरंभ

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस, मुन्योने ही लहानशी नदी अर्नोला जिथे मिळते त्या जागी, काशिने नावाच्या विस्तीर्ण उपवनाच्या अगदी टोकाला एक छत्री उभी आहे. खांबांवर तोललेला घुमट आणि त्याखाली पागोटे धारण केलेल्या एका तरुण पुरुषाचा अर्धपुतळा. रेनेसाँसच्या या शहरात घुमटांची वाण नाही. पण या घुमटाची जात निराळी आहे. तो पंचगंगेच्या घाटावर असता तर कोणाच्या विशेष नजरेत भरला नसता. अर्धपुतळा आहे तो कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचा. युरोप पाहण्यासाठी ते १८७० साली निघाले आणि परतीच्या वाटेवर, त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, वयाच्या विसाव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये निधन पावले.

मराठी माणसाच्या युरोपयात्रेची वाङ्मयीन कथा सामान्यतः पंडिता रमाबाईंच्या 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) या पुस्तकापासून सांगितली जाते. मराठी भाषेत लिहिलेल्या ग्रंथांपुरते पाहिले तर ते गैरही नाही. परंतु यात्रेचा इतिहास आणि यात्रावर्णनाचा इतिहास यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते असे मानण्याचे कारण नाही. राजाराम महाराजांच्या आधीही मराठी माणसे विलायतेस गेली होती. राघोबादादांनी १७८१ साली हणमंतराव या ब्राह्मण वकिलाला एका पारशी सहकाऱ्याबरोबर लंडनला धाडले होते आणि एडमंड बर्कसारख्या थोर वक्त्याने त्यांचा पाहुणचार केला होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन गेलेले रंगो बापूजी तर लंडनमध्ये वर्षानुवर्षे तळ ठोकून होते. पण ही सारी माणसे काम घेऊन गेली होती. त्यांच्या दृष्टीने लंडन म्हणजे एक कचेरी होती, आणि कचेरीत गेलेला माणूस तिच्या कमानींकडे पाहत नाही. निव्वळ पाहण्यासाठी, शिकण्यासाठी, एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याचा हेतू धरून आखलेला प्रवास मराठी इतिहासात ठळकपणे प्रथम दिसतो तो १८७० मध्ये. गादीवर असताना विलायतेस गेलेल्या हिंदू राजांत राजाराम महाराज अगदी पहिल्यांपैकी होत.

हा प्रवास कोणी आखला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. नागोजीराव पाटणकर हा मुलगा १८६६ साली दत्तक येऊन राजाराम झाला तेव्हा कोल्हापूर संस्थानावर ब्रिटिश पोलिटिकल खात्याची करडी देखरेख होती. राजाचे शिक्षण हा त्या खात्याच्या कारभाराचाच एक भाग होता. इंग्रजी भाषा, घोडेस्वारी, क्रिकेट, इतिहास असा अभ्यास झाल्यावर त्याचा कळस म्हणून युरोपदर्शन ठरले. सोबत होते पोलिटिकल एजंटांचे साहाय्यक कॅप्टन एडवर्ड वेस्ट आणि मोजका देशी परिवार. वेस्ट हे नुसते लष्करी गृहस्थ नव्हते. दक्षिण मराठा मुलखातील संस्थानांचा वृत्तान्त त्यांनी आदल्याच वर्षी लिहून प्रसिद्ध केला होता. ज्या प्रदेशाचा इतिहास आपण लिहिला त्याच्याच राजाला आपल्या देशाचा इतिहास दाखवावा, असा हा योग होता.

अशा प्रवासाचा साचा युरोपात जुना होता. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज उमरावांच्या मुलांना शिक्षणाच्या शेवटी फ्रान्स आणि इटलीच्या दीर्घ प्रवासास पाठवीत. त्याला 'ग्रँड टूर' म्हणत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही त्यातील तीर्थे. बरोबर एक वयस्क शिक्षक असे. काय पाहावे, कोणाला भेटावे, कोणाला टाळावे हे तो ठरवी. लोक त्या शिक्षकाला थट्टेने अस्वल खेळवणारा दरवेशी म्हणत, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण असे ते सांगायला नकोच. पुढे रेल्वे आली, मरे आणि बेडेकर यांची मार्गदर्शक पुस्तके निघाली (हे बेडेकर जर्मन, मराठी वाचकाने नावावर जाऊ नये). थॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी लेस्टरहून लाफबरोपर्यंत माणसांची आगगाडी नेली. १८५५ मध्ये तो आपले गट युरोप खंडात नेऊ लागला, १८६३ मध्ये स्वित्झर्लंडला आणि १८६४ मध्ये इटलीला. उमरावाची यात्रा मध्यमवर्गीयाच्या हाती आली आणि उमरावांची मुले त्या वाटेवरून दूर झाली. म्हणजे ज्या वेळी ग्रँड टूर इंग्लंडात मावळली होती नेमक्या त्याच वेळी ती हिंदुस्थानच्या राजांसाठी पुन्हा उजेडात आणली गेली. शिक्षक तोच, दोरी तीच. मात्र आता शिष्य हा मांडलिक राजा होता आणि त्याला जे दाखवायचे होते त्यात प्राचीन रोमपेक्षा विद्यमान साम्राज्याचे वैभव अधिक होते.

सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला होता. युरोप आता काही आठवड्यांच्या अंतरावर आला होता. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो पूर्वीइतकाच दूर होता. समुद्रोल्लंघनाचा दोष हणमंतरावांना परतल्यावर प्रायश्चित्त घेऊन फेडावा लागला होता, आणि छत्रपतींच्या बाबतीत तर तो एकट्या व्यक्तीचा प्रश्न उरत नव्हता. या धाडसाची नोंद इतिहासकारांनी बहुधा सुधारणेच्या खात्यावर केली आहे. ते खरेच आहे. पण त्या विशीतल्या तरुणाला निर्णयाचे स्वातंत्र्य कितपत होते, हाही विचार त्या नोंदीशेजारी असायला हवा.

महाराजांनी प्रवासात रोजनिशी ठेवली. ती इंग्रजीत आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ साली, कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादून लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीकडून प्रसिद्ध केली. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' ही कादंबरी छापणारी हीच संस्था. मराठीत हे पुस्तक फार उशिरा आले, आणि प्रवासवाङ्मयाच्या चर्चेत त्याचे नाव आजही क्वचितच निघते. भाषा इंग्रजी म्हणून ते मराठीचे नव्हे, आणि लेखक व्यवसायाने लेखक नव्हे म्हणून ते वाङ्मयाचेही नव्हे, अशी दुहेरी हद्दपारी त्याच्या वाट्याला आली.

या रोजनिशीच्या नोंदी आटोपशीर आहेत. आज कोठे गेलो, कोणाला भेटलो, काय पाहिले. राणी व्हिक्टोरियाची भेट, पार्लमेंट, संग्रहालये, नाट्यगृहे, मेजवान्या. रोमँटिक प्रवासवर्णनावर पोसलेल्या वाचकाला ही नोंदवही कोरडी वाटेल. मनाचे तरंग नाहीत, निसर्गापुढे विरघळणे नाही. याचे कारण कोवळे वय आणि परकी भाषा असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. तथापि मराठीत 'रोजनिशी' या शब्दाचा अर्थ काय होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पेशव्यांच्या दफ्तरातील रोजनिशी म्हणजे आत्मनिवेदन नव्हे. ती दरबाराची दैनंदिन नोंद होय. मुक्काम, भेटी, देणे-घेणे, हुकूम. राजाने लिहायचे तर असेच लिहायचे, हा संस्कार दरबारात वाढलेल्या मुलावर नसता तरच नवल. इंग्रजी 'डायरी' या प्रकारात खासगी मनाचा शोध घेणाऱ्या वाचकाला येथे जे उणे भासते ते दुसऱ्या परंपरेत पूर्ण असू शकते. या पुस्तकाची वाक्ये इंग्रजी आहेत. त्याची घडण, निदान अंशतः, मराठी आहे.

याखेरीज दुसरीही एक अडचण आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. ही रोजनिशी शिक्षकाच्या नजरेखाली लिहिली गेली असणार. ज्याने कार्यक्रम आखला, ज्याने वाटा दाखवल्या, त्यानेच शेवटी पुस्तक सिद्ध केले. सांगणारा आणि त्याला पाहायला लावणारा यांच्यामधली फट जवळजवळ बुजून गेली आहे. महाराजांनी कार्यक्रमाबाहेरचे काय पाहिले? एखाद्या सकाळी खिडकीतून दिसलेला पाऊस, आपल्या माणसांशी मराठीत झालेले बोलणे, स्वयंपाक्याची तक्रार, घरची आठवण? हे सारे घडले असणारच. कागदावर फारसे उतरले नाही.

मराठीतील श्रेष्ठ प्रवासकथा आठवली की हे न्यून अधिक जाणवते. विष्णुभट गोडसे १८५७ साली ग्वाल्हेरकडील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने वरसईहून निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि अद्याप वाचले जाते. ठरवलेला प्रवास मोडला आणि न ठरवलेले दिसले, हे त्याचे मुख्य कारण आहे. प्रवासकथा जिवंत होते ती बेत फसतो त्या ठिकाणी. राजाराम महाराजांच्या प्रवासात बेत एकदाच फसला. आणि त्या वेळी लेखणी त्यांच्या हाती राहिली नाही.

जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. लंडनहून फ्रान्समार्गे भूमध्य समुद्राकडे येण्याची नेहमीची वाट त्यामुळे बंद झाली. मंडळी बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. ऋतू हिवाळ्याचा होता. वाटेत महाराजांची प्रकृती बिघडली, आणि फ्लॉरेन्सला पोचल्यावर ती सावरली नाही. फ्लॉरेन्स त्या वेळी एकीकृत इटलीची राजधानी होते. सप्टेंबरातच रोम जिंकले गेले होते आणि राजधानी तिकडे हलण्याच्या बेतात होती. जन्माला येत असलेल्या एका राष्ट्राच्या धामधुमीत, जिथे आपले कोणी नाही अशा गावी, शिवछत्रपतींच्या घराण्यातला हा तरुण गेला.

प्रश्न अंत्यसंस्काराचा होता. कॅथलिक इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. इटलीतले आधुनिक पद्धतीचे पहिले प्रसिद्ध दहन मिलानमध्ये झाले ते १८७६ मध्ये. परिवारातील मंडळींनी दहनाचा आग्रह धरला, आणि जागा मागितली तीही दोन नद्यांच्या संगमाची. उबाल्दिनो पेरुत्सी हे त्या वेळी फ्लॉरेन्सचे नगराध्यक्ष होते. नगरपालिकेने परवानगी दिली. अर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, चिता पेटली.

कोल्हापूरजवळ चिखलीला प्रयाग आहे. तिथे नद्यांचा संगम होऊन पंचगंगा वाहू लागते. मुन्योने ही काही यमुना नव्हे. उन्हाळ्यात तिच्यात पाणी जेमतेम. तरीही परक्या भूगोलात आपला भूगोल ओळखण्याची ही कृती असाधारण आहे. सबंध युरोपप्रवासात या मंडळींना जे जे दिसले ते दुसऱ्या कोणी दाखवले म्हणून दिसले. हा संगम मात्र त्यांनी स्वतः शोधला. फ्लॉरेन्सच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाला तोवर त्या जागेत पाहण्याजोगे काही आढळले नव्हते. मराठी दृष्टीने युरोप पाहण्याचा पहिला क्षण कोणता, असे कोणी विचारले तर विंडसरच्या राजवाड्याकडे बोट दाखवण्यापेक्षा या काठाकडे दाखवणे अधिक सयुक्तिक ठरेल.

साहित्याच्या अभ्यासकाला त्या उपवनाची आणखी एक ओळख असते. काशिनेच्या याच झाडीत १८१९ साली शेलीला पश्चिम वाऱ्यावरच्या आपल्या विख्यात कवितेची स्फूर्ती झाली, असे त्यानेच नोंदवले आहे. तो १८२२ मध्ये समुद्रात बुडाला आणि त्याचेही दहनच झाले, इटलीतच, व्हियारेज्योच्या वाळूवर. दोन चितांमध्ये अर्धशतकाचे अंतर आहे. शेलीची चिता इंग्रजी साहित्यात आख्यायिका होऊन बसली. दुसरीविषयी मराठीत नाव घेण्याजोगी एक कविता नाही.

छत्री १८७४ मध्ये उभी राहिली. अर्धपुतळा घडवला तो फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हेच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे रचनाकार झाले. एतद्देशीय आणि युरोपीय शैलींच्या ज्या मिश्रणासाठी ते ओळखले जातात त्याचा एक लहानसा नमुना अशा रीतीने हिंदुस्थानाबाहेर, अर्नोच्या काठी पडला. युरोप पाहायला गेलेल्या मराठी राजाने युरोपला पाहण्यासाठी काही ठेवले, ते एवढेच.

यानंतरच्या संस्थानिकांच्या यात्रांचा आढावा येथे अप्रस्तुत आहे. सयाजीराव गायकवाड १८८७ पासून वारंवार युरोपला जात राहिले आणि पाहिलेल्या गोष्टी शाळा, ग्रंथालये यांच्या रूपाने बडोद्यात आणत राहिले. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेत असतानाच करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा २६ जुलैचा हुकूम प्रसिद्ध झाला. राजाराम महाराज परतले असते तर त्यांनी काय आणले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही.

मराठी भाषेतल्या प्रवासलेखनाने मात्र दुसरी वाट धरली. रमाबाई गेल्या त्या राजपरिवाराशिवाय, लहानग्या मनोरमेला घेऊन. आणि त्यांनी लिहिले ते घरच्या माणसाला लिहावे तसे पत्ररूपाने. दोरी धरणारा कोणी नव्हता असे नाही, मिशनची माणसे होतीच. परंतु लेखणी त्यांची होती आणि भाषाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) ही पुढची ठाणी सर्वपरिचित आहेत. 'अपूर्वाई'तला गट सर्वांत लहान, पतिपत्नींचा. पुलंनी केलेली मोठी कामगिरी विनोदाची नाही, धिटाईची आहे. युरोपपुढे आपण कसे दिसतो याची धास्ती बाजूला ठेवून युरोप आपल्याला कसा दिसतो हे त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या भाषेत सांगितले. मीना प्रभूंच्या 'ग्रीकांजली', 'रोमराज्य' यांसारख्या ग्रंथांनी त्या दृष्टीला अभ्यासाची जोड दिली.

आणि मग आला सहलींचा काळ. केसरी पाटील यांनी १९८४ साली मुंबईत 'केसरी टूर्स' सुरू केली. त्या व्यवसायात मराठी नावे पुढेही वाढत गेली. विमान, बस, टूर लीडर, परदेशात रात्रीच्या जेवणाला वरणभात. पंधरा दिवसांत दहा शहरे. अशा सहलींतून निपजलेल्या प्रवासवर्णनांनी दिवाळी अंक आणि खासगी प्रकाशने भरून गेली, आणि समीक्षकांनी त्यांची मनसोक्त टवाळी केली. टवाळी अनाठायी नव्हती. न्याहारीपासून सुरू होऊन बसच्या खिडकीत संपणारे प्रकरण वाङ्मय ठरणे कठीणच.

तरीही या टवाळीत एक गफलत आहे. ठरलेली वाट आणि ठरलेले मुक्काम यांमुळे अनुभव उसना होतो, असे तिचे गृहीतक आहे. पंढरीच्या वारीचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. दिंडीतला प्रत्येकाचा क्रम ठरलेला, विणेकरी ठरलेला, कोणत्या वेळी कोणता अभंग म्हणायचा तेही ठरलेले. वारकऱ्याचा अनुभव उसना आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या वाटेने तो जातो ती त्याच्या भाषेने आधीच चालून ठेवलेली असते, हा खरा फरक आहे. अठराव्या शतकातला इंग्रज तरुण इटलीत शिरे तो व्हर्जिल आणि होरेस पाठ करून. राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्ये शिरले तेव्हा त्या शहराविषयी मराठीत त्यांच्या हाताशी काय होते? आजच्या सहलीतल्या माणसाजवळ निदान पुलंचे एखादे वाक्य असते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाच्या बाबतीत तर सहलीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. रायपूरचे उदाहरण घ्यावे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, पण त्यांच्या मागे आलेली मराठी घरे तिकडेच रुजली. पंडरीसारख्या घाऊक कापडबाजाराच्या वस्तीत अशा घरातला माणूस दिवसभर हिंदी आणि छत्तीसगढीत वावरतो. मराठी त्याच्या घराच्या उंबऱ्याआत असते. तो मुंबईच्या गटाबरोबर युरोपला निघतो तेव्हा दोन प्रवास करतो, एक फ्लॉरेन्सचा आणि एक मराठीचा. बसमधल्या चाळीस माणसांत सलग पंधरा दिवस मराठी बोलणे, हे त्याला मायकेलअँजेलोच्या डेव्हिडइतकेच अपूर्व वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. हा अनुभव लिहिला गेला पाहिजे. तो अजून कोणी नीटसा लिहिलेला नाही, कारण लिहायला बसले की सारे पुन्हा डेव्हिडचीच उंची सांगू लागतात.

अलीकडे युरोपातली शहरेच मोठ्या गटांना कंटाळली आहेत. व्हेनिसने २०२४ साली पंचवीसहून अधिक पर्यटकांचे गट आणि मार्गदर्शकांचे ध्वनिवर्धक यांना मनाई केली. दहाबारा जणांचा गट, सोबत इतिहास जाणणारा एखादा जाणकार, कमी शहरे आणि अधिक मुक्काम, मधूनच खेड्यांतून भटकंती, अशा सहलींचा बोलबाला होऊ लागला आहे. थॉमस कुकच्या नावाची ब्रिटिश कंपनी २०१९ च्या सप्टेंबरात बुडाली. तिच्याही आधीची ग्रँड टूर या नव्या वेषात परत आली असे म्हणावे लागेल. जाणकाराच्या हाती पुन्हा दोरी आहेच. कार्यक्रमपत्रिकेत उफिझी असते, पोन्ते वेक्यो असतो, जवळच्या पिसाचा झुकता मनोरा असतो.

काशिनेचे टोक बहुधा नसते. शहराच्या मध्यापासून ते काही किलोमीटरच अंतरावर आहे, नदीकाठाने चालत जाता येते. छत्रीजवळच अर्नोवर एक मोठा पूल आहे. पोलादी तारांनी तोललेला, १९७८ साली पुरा झालेला. फ्लॉरेन्सकरांनी त्याला नाव दिले आहे ते या छत्रीवरून, 'पोन्ते अल्लिंदियानो', म्हणजे त्या भारतीयाचा पूल. रोज हजारो वाहने त्यावरून जातात. त्या नावात राजाराम नाही, कोल्हापूरही नाही.